एकोणचाळीस नंबरचा कान

कारखान्यात तिला ‘परतसांगा’ म्हणत. तोंडावर म्हणत नसत, पण तिच्या पाठीमागे आवाज खाली आणायची तसदीही कुणी घेत नसे.

श्रवणयंत्राचा जो भाग कानाच्या आत बसतो, त्याला मोल्ड म्हणतात. ते बनवणं हे तिचं काम. दवाखान्यातून माणसाच्या कानाचं रबरी माप डबीत घालून येतं. सोबत एक कार्ड असतं: डबीचा नंबर, मोल्ड नरम हवा की कडक, हवेचं भोक किती मिलिमीटरचं. मग साचा, ओतकाम, घासणं, पॉलिश. एकोणीस वर्षं ती हेच करत आली होती. माप बोटांत फिरवलं की ते घेताना दवाखानेवाल्याचा हात हलला होता की नाही, हे तिला कळायचं. अशी मापं ती परत पाठवायची, आणि दवाखानेवाले गपचूप दुसरं माप घ्यायचे.

तिच्या स्वतःच्या कानांत काडीची खोट नव्हती. पलीकडच्या खोलीतला नळ गळू लागला तर पहिलं तिला कळे. अडचण शब्दांची होती. माणूस बोलला की आवाज लगेच पोचायचा, अर्थ मागाहून यायचा. पत्र हातात आलंय, ते फोडेपर्यंत दुसरं येऊन पडलंय, असं. दोन माणसं एकदम बोलू लागली, त्यात घासायची मशीनं चालू असली, की सगळी पत्रं तशीच बंद राहायची. अडतिसाव्या वर्षी एका डॉक्टरने याला नाव दिलं, ऑटिझम, आणि तिने मागितल्यावर ते कागदावर लिहूनही दिलं.

“म्हणजे आई तुला उगाच धपाटे घालायची,” धाकटी बहीण म्हणाली.

“उगाच नाही. तिला उत्तर हवं असायचं.”

नाव मिळेपर्यंत ती युक्त्यांवर जगली. मान डोलवायची, ‘हो हो’ म्हणायचं. समोरच्याचे ओठ बघायचे. सगळे हसले की हसायचं, जरा मागाहून.

डॉक्टरांचा कागद घेऊन ती सुपरवायझरकडे गेली. दवाखान्यांचे फोन तोच घ्यायचा, आणि एखाद्या मोल्डमध्ये बदल असला की आपल्या टेबलावरूनच, मशीनच्या गोंगाटात, ओरडून सांगायचा.

“सर, बदल असला तर कार्डावर लिहून द्या. ओरडलेलं मला नीट कळत नाही.”

सुपरवायझरने कागद न उघडता परत केला. “दुनियेचे कान बनवते, आणि स्वतःचे घरी विसरून येते! बाई, मी काय तुझा कारकून आहे?”

सगळे हसले. पॉलिशवाली मावशीही हसली, मग तिलाच कसंतरी झालं. “अहो सर, दोनदा सांगितलं की कळतं तिला.”

“मी एकदाच सांगतो. कळलं तर कळलं.”

त्या वर्षात तिच्या नावावर दोन तक्रारी लागल्या. दोन्ही वेळा मोल्ड चुकीचा गेला होता, आणि दोन्ही कागदांवर सुपरवायझरने एकच वाक्य लिहिलं: सांगितलेलं ऐकून घेत नाही. तिसऱ्या तक्रारीला माणूस घरी, असा कारखान्याचा नियम होता. एवढ्या गावात हे काम दुसरीकडे कुठे नव्हतं, आणि दुसरं काही तिला येत नव्हतं.

दुसऱ्या तक्रारीनंतर ती रडली नाही, भांडली नाही. तिने एक वही केली. तिला आपली बाजू राखायची होती असं कुणी म्हणेल. तसं नव्हतं. तिला तो माणूस आडवा झालेला बघायचा होता.

सुपरवायझर फोनवर काय बोलतो ते तिला कळणं शक्य नव्हतं. म्हणून जे दिसतं ते तिने लिहिलं: फोन किती वाजता आला, त्याने ओरडलेल्या नंबरावरून कुठल्या दवाखान्याचा, किती वेळ चालला, त्याने रिसीव्हर कुठल्या कानाला लावला. पंधरा दिवसांत तिच्या लक्षात आलं, की तो कायम डाव्या कानाला लावतो आणि मध्येच हात बदलून दुसरीकडे नेला तर दोन सेकंदांत परत आणतो. फोन चालू असताना तो ‘हो हो’ फार म्हणतो. मग एकदा डब्याच्या सुट्टीत मावशीने आपल्या सुनेचा किस्सा सांगितला. सगळे हसले. सुपरवायझरही हसला, जरा मागाहून.

तिचा घास हातातच राहिला. हे हसणं ती आरशाइतकं ओळखत होती.

सुपरवायझर होण्याआधी तो बावीस वर्षं घासायच्या मशीनवर होता. कानांवर झाकणं लावणाऱ्यांना तो नाजूक राजकुमार म्हणायचा. अशा माणसाचे वरच्या पट्टीतले आवाज आधी जातात, हे या धंद्यात कुणालाही ठाऊक असतं. बायकांचे आणि मुलांचे आवाज त्याला तुटक पोचतात, जाड आवाजाचा पुरुष ठीक ऐकू येतो. तिने वहीत एक रकाना वाढवला: फोन करणारं कोण. कार्डांवरच्या सह्यांवरून तीन दवाखान्यांत फोनवर बाई असायची, दोन ठिकाणी पुरुष. चार महिन्यांत सगळ्या टेबलांचे मिळून परत आलेले मोल्ड नऊ, त्यांतले आठ फोनवर बाई असलेल्या दवाखान्यांचे.

आता तो लिहून का देत नाही तेही उघड होतं. कागदावर चूक त्याच्या अक्षरात राहिली असती. ओरडलं, की ती परतसांगाच्या कानात गेली आणि तिथेच हरवली.

त्याच दिवशी ती कारखान्याच्या मालकीणबाईंकडे जाऊ शकत होती. निदान त्याला बाजूला घेऊन सांगू शकत होती. न कळल्याची लाज कशी लपवावी लागते, हे तिच्याइतकं कुणाला माहीत होतं? पण ती गेली नाही. तिसऱ्या तक्रारीचा कागद त्याने स्वतःच्या हाताने लिहावा, अशी तिची इच्छा होती.

तो मोल्ड एकोणचाळीस नंबरचा निघाला. एका शाळामास्तरांच्या कानाचा. कार्डावर ‘नरम’ होतं. दुपारी फोन आला, सुपरवायझर चार वेळा ‘हो हो’ म्हणाला, आणि टेबलावरून ओरडला. तिला फक्त ‘एकोणचाळीस’ कळलं. ती उठून त्याच्यापाशी गेली.

“सर, एकोणचाळीसचं काय करायचं?”

त्याने तिच्याकडे न बघता हात झटकला. “आहे तसंच कर, जा.”

दवाखान्याला दोन ओळींची मेल टाकून ती खात्री करून घेऊ शकत होती. तिने वेळ लिहिली, ‘आहे तसंच’ लिहिलं आणि मोल्ड नरम बनवला. आठवड्यात मास्तरांचा कान सुजला. त्यांना नरम रबर सोसत नव्हतं, म्हणून तर फोन आला होता. ही सूज आपलीही आहे, हे तिने पुढे कधीच नाकारलं नाही. बहिणीने तोंडावर विचारलं तेव्हाही नाही.

मालकीणबाईंच्या केबिनमध्ये सुपरवायझर तिसरा कागद घेऊन उभा होता. मावशीला साक्षीला बोलावलं होतं.

“मॅडम, मी हिला स्पष्ट सांगितलं, कडक कर. आता किती दिवस सांभाळायचं?”

मालकीणबाईंनी तिच्याकडे वळून, एकेक शब्द सुटा करून विचारलं, “तुला काही म्हणायचंय?”

तिने वही टेबलावर ठेवली. पाचही दवाखान्यांना आदल्या संध्याकाळी पाठवलेल्या मेलींची उत्तरंही ठेवली: फोनवर नेमकं काय सांगितलं होतं, एकोणचाळीस नंबर धरून दहाच्या दहा. मग सकाळपासून घोकलेली दोन वाक्यं म्हणाली. “मॅडम, आपल्याकडे तपासणीची खोली आहे. आमच्या दोघांचे कान तपासा.”

मालकीणबाई वही वाचत होत्या. कारखाना काढण्यापूर्वी त्यांनी पंचवीस वर्षं लोकांचे कान तपासले होते. त्या ‘फोन करणारं कोण’ या रकान्यापाशी थांबल्या आणि चष्मा काढला.

“याची काही गरज नाही मॅडम,” सुपरवायझर म्हणाला. “माझा कान-तपासणीचा फॉर्म दर वर्षी—”

“तो तुम्हीच भरता,” मालकीणबाई म्हणाल्या. “चला.”

आधी ती बसली. शिट्ट्यांच्या तपासणीत आलेख सरळ निघाला. गोंगाटातल्या शब्दांच्या तपासणीत पंचवीसपैकी सात बरोबर आले. आकडा बघून तिला वाईट वाटलं नाही, तो तिने दोनदा वाचला. मग सुपरवायझर काचेआड बसला. आवाज ऐकू आला की बटण दाबायचं असतं. वरच्या पट्टीच्या शिट्ट्या सुरू झाल्या आणि तो मालकीणबाईंच्या खांद्याची हालचाल बघून बटण दाबू लागला. त्यांनी पाठ फिरवली. त्यानंतर तो शांततेतही दाबत राहिला.

“नको बघूस,” मावशी तिच्या दंडाला धरून, ओठ दिसतील अशी समोर वळून म्हणाली. “म्हातारा झालाय बिचारा.”

ती काचेपासून हलली नाही. शेवटची शिट्टी संपेपर्यंत तिने त्याच्या अंगठ्यावरून नजर काढली नाही.

तिन्ही तक्रारी मालकीणबाईंनी रद्द केल्या. चूक कुणाची होती ते सुपरवायझरने सगळ्यांसमोर सांगावं, एवढंच तिने मागितलं. त्याने आधी केबिनमध्ये सांगू का विचारलं. ती नको म्हणाली. मशीनं बंद करून त्याने सांगितलं, खाली बघत. फोन त्याच्याकडून काढून घेतला, बदल मेलवर येऊ लागले, आणि तो पॅकिंगला गेला.

महिन्याभराने त्याच्या दोन्ही कानांची मापं तिच्या टेबलावर आली. मागोमाग तो स्वतः आला. तिच्या समोर येऊन, सावकाश बोलला. हे तो मालकीणबाईंचं बघून शिकला होता.

“बाई, जरा आधी घेशील का? घरी नातीचं बोलणं काहीच कळत नाही. पोरगी रुसते.”

ते वाक्य तिला पहिल्याच वेळी पूर्ण कळलं. तिने रांगेतल्या डब्या मोजल्या.

“अकरावा नंबर आहे तुमचा,” ती म्हणाली.

अकराव्या नंबरावरच तिने ते मोल्ड केले. भोक अचूक, कडा गुळगुळीत, बोट ठेवायला कुठे जागा नाही. एक दिवस आधी नाही, एक दिवस नंतर नाही.