सेगोव्हियाचा जलसेतू, जो अस्मादिकांनी पाहिला नाही

स्पेनला जाण्याचा ठराव आमच्या जर्मनीतील एर्लांगेनच्या स्वयंपाकघरात तीन विरुद्ध शून्य मतांनी संमत झाला. अण्णा तटस्थ राहिले, कारण जायचे त्यांच्यासाठीच होते.

अण्णा म्हणजे माझे वडील. पाटबंधारे खात्यातून निवृत्त झालेले उपअभियंता, वय वर्षे चौऱ्याहत्तर, तीन महिन्यांच्या व्हिसावर आमच्याकडे आलेले. त्यांच्या विद्यार्थिदशेतील एका पाठ्यपुस्तकात सेगोव्हिया नगरीतील रोमन जलसेतूचे रेखाचित्र होते: निव्वळ दगडावर दगड, मध्ये चुना नाही, काही नाही, आणि सुमारे दोन हजार वर्षे उभा. पुढे अण्णांनी स्वतः ओढ्यांवरून कालवे नेले, पण हे चित्र डोक्यातून गेले नाही. एके दिवशी चहा पिताना ते म्हणाले, "जमलं तर तेवढं एक बघू." आमच्या घराण्यात याहून तीव्र शब्दांत इच्छा व्यक्त करण्याची प्रथा नाही. शिवाय इतक्या लांबचा विमानप्रवास पुन्हा करू नये, असे त्यांच्या डॉक्टरांनी बजावले होते. म्हणजे आत्ता नाही तर कधीच नाही.

नियोजनाची धुरा अर्थातच मी वाहिली. फिंग्स्ट या ख्रिस्ती सणाच्या शाळासुट्टीत न्यूर्नबर्गहून माद्रिद, तीन रात्री, चार दिवस. सुज्ञ वाचकांनी तिकिटे दोन महिने आधी काढावीत. आम्हांला विमान हाम्बुर्गच्या रेल्वेपेक्षा स्वस्त पडले. प्रत्येक दिवसाचे संगणकीय कोष्टक मी सिद्ध केले: वेळ, स्थळ, वाहन आणि पर्यायी व्यवस्था. यात श्वास घ्यायचा रकाना राहिला आहे, असे सौभाग्यवती वृंदाने निदर्शनास आणले. मी त्या सूचनेची नोंद घेतली.

आणखी एक जबाबदारी माझ्याकडे होती. आमची कन्या सई, वय चौदा, मराठी सगळे समजते, उत्तर मात्र जर्मनमध्ये देते. अण्णांना जर्मनचे अक्षर कळत नाही. त्यामुळे जेवणाच्या टेबलावर आजोबा आणि नात दोघेही माझ्याकडे बघून बोलत. आजोबांचा प्रश्न नातीला कळायचा. नातीचे उत्तर मी आजोबांना पोचवायचो, आवश्यक तेथे किंचित सुसंस्कृत करून.

माद्रिदमध्ये पहिले तीन दिवस कोष्टकाने देदीप्यमान कामगिरी केली. मेट्रोचे दहा फेऱ्यांचे एकच तिकीट घ्यावे, ते चौघांत चालते. राजवाड्याला सकाळीच जावे, दुपारी ऊन भाजून काढते. एकाच आघाडीवर माघार घ्यावी लागली. अण्णांना सायंकाळी सातला जेवण लागते आणि त्या देशात स्वयंपाक्याला नऊच्या आत विस्तव पेटवणे कमीपणाचे वाटते. तेथील सुप्रसिद्ध बटाट्याच्या जाड थालीपिठात अंडे असते, हेही शाकाहाऱ्यांनी ध्यानी ठेवावे. अण्णांनी टोमॅटो चोळलेला पाव आणि वृंदाने आणलेल्या दशम्या यांवर तीन सायंकाळी निभावून नेल्या.

चौथा दिवस सेगोव्हियाचा. दहाची बस, सव्वा तासाचा प्रवास, तीनपर्यंत परत, साडेसहाचे विमान. दहाला सहा मिनिटे असताना आम्ही बसस्थानकासमोर पोचलो. मध्ये एक रस्ता, आणि पादचाऱ्यांचा दिवा लाल.

रस्त्यावर चिटपाखरू नव्हते. पावाची लांब काठी बगलेत धरून एक आजीबाई आमच्या देखत पलीकडे गेल्या. पाठोपाठ एक पाद्री गेला. आम्ही उभे. जर्मनीच्या बव्हेरिया प्रांतात बारा वर्षे काढलेल्या कुटुंबाचे पाय लाल दिव्यासमोर उचलतच नाहीत. लहान मुले पाहत असतात, असे तेथे आपल्याला शिकवलेले असते. येथे एकही लहान मूल नव्हते.

"रस्ता मोकळा आहे," अण्णा म्हणाले.

"अण्णा, लाल आहे," मी म्हणालो.

तो दिवा बिघडलेला होता. हे आम्हांला उमगेपर्यंत आमची बस स्थानकातून बाहेर पडली आणि आमच्यासमोरून वळण घेऊन गेली. चालकाने हातही हलवला.

तिकीटखिडकीवर सई गेली, कारण शाळेत वर्षभर स्पॅनिश शिकलेली तीच एक. परतली ती उतरलेल्या चेहऱ्याने. साडेदहाच्या बसमध्ये दोनच जागा होत्या. त्यानंतर एकदम एकची बस, आणि ती आमच्या विमानाच्या दृष्टीने निरुपयोगी.

अण्णा पिशवी सावरत म्हणाले, "राहू दे. चित्रात पाहिलाय."

मी पर्यायी व्यवस्थेचा रकाना उघडला. तो कोरा होता. अण्णांना घेऊन आपण जावे, असे मी जाहीर करणार, तोच सई अण्णांसमोर जाऊन उभी राहिली. माझ्याकडे न बघता म्हणाली, "आजोबा, चला. मला स्पॅनिश येतो. बाबाला नाही येत."

अण्णांनी एकदा तिच्याकडे आणि एकदा माझ्याकडे पाहिले. "खरंय," ते म्हणाले, आणि निघाले.

पुढचे साडेचार तास वृंदा आणि मी नदीकाठच्या बाकावर काढले. चौऱ्याहत्तर आणि चौदा, परका मुलूख, आणि त्यांच्यामध्ये मी नाही. भूक लागली तर? चक्कर आली तर? अण्णांना जे हवे ते हिला सांगता येईल का?

"कोष्टकात आत्ता काय आहे हो?" वृंदाने विचारले.

"आसनस्थ चिंतन," मी म्हणालो. तिने दशमीचा तुकडा पुढे केला.

तीनला पाच मिनिटे असताना बस आली. सई आधी उतरली, अण्णांना हात दिला आणि बोलू लागली. मराठीत. क्रियापदे कुठेही पडत होती, लिंगे अदलाबदल होत होती, पण ती थांबत नव्हती. खाली उभे राहिले की मान दुखेपर्यंत वर बघावे लागते. आजोबांनी आधी कमानी मोजल्या, मग एका दगडावर तळहात ठेवला आणि बराच वेळ काढलाच नाही. तिने विचारले, चुना नाही तर हे पडत का नाहीत?

"आजोबा म्हणाले, कमानीतल्या प्रत्येक दगडाला पडायचंच असतं. पण शेजारचा जाऊ देत नाही."

हे ऐकायला टोपीवाले एक म्हातारे गृहस्थ थांबले होते. सईने त्यांना ते स्पॅनिशमध्ये सांगितले. ते आयुष्यभर गवंडीकाम केलेले निघाले. मग दोन्ही वृद्धांनी अर्धा तास सांध्यांवर चर्चा केली, आणि मध्ये माझी मुलगी.

"कसा वाटला, अण्णा?" मी विचारले.

"काम चोख आहे," अण्णा म्हणाले. खात्यात छत्तीस वर्षांत हा शेरा त्यांनी कोणाला दिल्याचे ऐकिवात नाही. मग सईच्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आणि हिचंही."

विमान वेळेवर मिळाले. सेगोव्हियाला जाणाऱ्यांनी परतीचेही तिकीट आधीच काढावे, आणि जलसेतूखाली किमान दोन तास ठेवावेत, असे माहीतगार सांगतात. मी स्वतः तो पाहिलेला नाही. तरीही माझ्या आजवरच्या सर्व नियोजनांत हे सर्वाधिक यशस्वी होय, असे मी कार्यालयात, बसमध्ये आणि शेजारच्या जर्मन आजोबांनाही सांगून चुकलो आहे.

अण्णा आता साताऱ्याला असतात. दर रविवारी फोन येतो, मी उचलतो, आणि ते प्रकृतीबद्दल दोन वाक्ये बोलून म्हणतात, "सईला दे." गेल्या रविवारी तिला 'गाळ' हा शब्द अडला, तेव्हा मी तत्परतेने पुढे सरसावलो. तिने फोनवर हात ठेवला.

"बाबा, आम्ही बोलतोय ना."

मी अत्यंत अभिमानाने गप्प बसलो.