सरकणारी जेट्टी

पीएचडीच्या दुसऱ्या वर्षी मी पहिल्यांदा एका पेशीचा आवाज ऐकला. मांजराच्या मेंदूच्या मागच्या भागातली, डोळ्यांना दिसलेलं जिथे उलगडतं तिथली ती एकच पेशी. नोंद जुनी होती, माझं काम फक्त तिचा अभ्यास करण्याचं. मांजरासमोर एक उजळ रेघ डावीकडून उजवीकडे सरकली की स्पीकरमधून लाह्या फुटल्यासारखा तडतडाट यायचा. तीच रेघ उलटी गेली की शांतता. एवढीशी पेशी, आणि तिला दिशा कळत होती! तिच्या आसपास दुसऱ्या होत्या, कुणी वर जाणाऱ्या रेघेला बोलणाऱ्या, कुणी खाली येणाऱ्या. मला त्या दिवशी जेवण सुचलं नाही.

सुट्टीत आगरदांड्याला घरी आले, तेव्हा पिशवी खाली ठेवल्या ठेवल्या तो आवाज मोबाईलवर आईला ऐकवला. ती ओटीवर सुकट निवडत बसली होती.

"मांजराला दुखलं असंल," ती म्हणाली.

"भूल दिली होती."

तिने मोबाईल कानाशी नेला. मग म्हणाली, "परत लाव." ऐकता ऐकता तिने विचारलं, "रेघ सारखीच सरकत राह्यली, तर दमत न्हाय ती?"

"दमते ना. मग आवाज कमी होतो. आपल्या डोक्यातही अशा पेशी असाव्यात. एका दिशेच्या दमल्या की उलट्या दिशेच्या ताज्या असतात, त्यांचं पारडं जड होतं. तेवढ्यात स्थिर वस्तूकडे बघितलं तर ती उलटी सरकताना दिसते."

आईचा हात सुकटीतच थांबला. "पाण्याकडं बघून वर बघितलं की जेट्टी सरकती, तसं?"

"अगदी तसंच. तुला दिसलंय?"

मग तिने सांगितलं. तिच्या वडिलांना फिट यायच्या, आणि येण्याआधी ते म्हणायचे, घर हलतंय. मी लहान असताना एकदा फेरीबोटीतून उतरताना तिला समोरची जेट्टी सरकताना दिसली. आपल्यालाही तेच लागलं, असं तिने धरलं. कुणाला बोलली नाही. तेव्हापासून खाडीपलीकडे दिघीला मावशीकडे जायचं तर ती एसटीने तळा गावावरून वळसा घालून जायची. आम्हाला वाटायचं, आईला बोट लागते.

"आजारातलं न्हाय ना हे?"

"नाही गं. सगळ्यांना दिसतं. मलाही."

"माझी समजूत घालू नको, बाय."

"उद्या बोटीने जाऊ. तूच बघ."

सकाळी बोट सुटली तेव्हा ती माझा दंड धरून कठड्याशी उभी होती. खाली फेस मागे पळत होता. मी म्हटलं, "नजर एका जागी ठेव. पाण्याच्या मागे नेऊ नको." आम्ही दोघी बघत राहिलो. मग मी म्हटलं, "आता खाली पत्र्याकडे बघ."

बोटीचा लोखंडी पत्रा आमच्या पायाखाली हळूहळू पुढे वाहायला लागला.

"सरकला," ती म्हणाली. आवाज बारीक झाला होता. "तुला?"

"पुढच्या बाजूला सरकतोय. आता थांबला."

"माझा बी आताच थांबला."

तिने दंड सोडला आणि माझ्याकडे असं बघितलं, की मला हसू आणि रडू एकदमच आलं. शेजारी नारळांची पाटी घेऊन एक बाई उभी होती. आई तिच्याकडे वळली. "ओ ताई, जरा पाण्याकडं बघत राहा. मी सांगते तेव्हा पत्र्याकडं बघा." बाईने बघितलं आणि घाईने कठडा धरला. "अगो, हा चालतोय काय?" आई खदखदून हसली. मग मोटरसायकलवाला आला, त्याच्यामागून लग्नाला निघालेलं एक कुटुंब. प्रत्येकाला आईच सांगत होती, नजर हलवू नका, दमू दे त्यांना. कुणाला दमू द्यायचं, हे कुणी विचारलं की माझ्याकडे बोट दाखवायची. मी मांजराच्या त्या पेशीबद्दल सांगत होते, आणि लोक पुन्हा पुन्हा पाण्याकडे बघत होते.

मावशीने दारातच विचारलं, "इतक्या लवकर कशी पोचलीस?"

"बोटीनं आले," आई म्हणाली. चपला काढायच्या आधीच तिने बहिणीला वडिलांच्या आजाराचं आणि स्वतःच्या इतक्या वर्षांच्या भीतीचं सगळं सांगून टाकलं.