जयवंताचं धाबं

जयवंता माही धाकली जाऊ. अंगण एक, चुली दोन. तिचं नाव निघालं का आजही माह्या अंगाचा तिळपापड होते. खोटं काहून सांगू?

दर उन्हाळ्यात ही बाई काचा मारून आपल्या घराच्या धाब्यावर, मातीच्या सपाट छतावर, चढे. खारी माती पसरे, पाणी शिंपे, पायानं तुडवून उतार धरे. सारं नांदगाव खालून पाहे अन् म्हणे, "हात पाहा बाईचा!" तिच्या छतातून थेंब गळत नसे. माहं दर साली गळे.

मंग कापसाले सोन्याचा भाव आला. मी मालकाच्या मांगं टुमणं लावलं, धाबं पाडलं अन् उंच कवेलूच्या छपराचं घर उभं केलं. साऱ्या गावात पयलं! जयवंता एवढंच बोलली, "जाऊबाई, वावधनाच्या वाऱ्यात उंच घर टिकत नाही."

"तुह्या पोटात दुखून राहिलं वाटते!" मी म्हटलं.

वैशाखात माही लेक मैना बाळंत झाली. आठव्या दिवशी, भर दुपारी, वावधन सुटलं, संगं पाऊस. कवेलू पाखरावानी उडाले. वरचं आढं करकरू लागलं. मैना लेकराले पोटाशी धरून खाटेखाली शिरली. समोर बारा पावलांवर जयवंताचं दार, पण वाऱ्यात उभंही राहवेना. हाक मारू? तिले? जीभच वळेना, व माय!

तिनंच मोटेचा नाडा, तो जाड दोर, आपल्या खांबाले बांधला अन् दुसरं टोक कमरेले गुंडाळून वाकत वाकत आली. ते टोक माह्या चौकटीले बांधलं.

"नाडा सोडू नका जाऊबाई. लेकरू माह्यापाशी द्या."

दिलं. आमी तिच्या उंबऱ्यात पाय टाकला, अन् मांगं माहं आढं त्याच खाटेवर कोसळलं. तिच्या धाब्याचं ढेकूळ हाललं नाही.

नातू वाचला, देवाचे उपकार. पण तिचेही मानावे लागतात, हे काही माह्या गळ्याखाली उतरत नाही.

चार दिवस फुटके कवेलू वेचले, भिजले गहू वाळवले. मंग गुमान धाबंच बांधलं. माती टाकाले जयवंताले बोलावलं, दुसरं होतं कोण? ती वर तुडवे अन् खालून लोकं म्हणत, "हे जयवंताचं धाबं!" घर माहं, नाव तिचं.

त्या पावसाळ्यात नातवाचा पाळणा हालवत मी वर पाहत बसे. एक तरी थेंब गळावा, मी तो साऱ्या गावाले दाखवावा. चार महिने पाह्यलं.

नाही गळलं मेलं.