खुंटीवरचा बिल्ला
चूक माझीच होती. गुडगावच्या काचेच्या ऑफिसात गळ्यात कार्ड अडकवताना मला जुन्या नोकरीतला, अणुवीज केंद्रातला वेल्डर आठवतो. अंगावर पडलेला किरणोत्सर्ग मोजणारा बिल्ला त्याच्या छातीवर असायचा. त्याची वर्षाची मर्यादा भरत आली होती. ती ओलांडली असती तर त्याला आत पाठवता आलं नसतं, आणि गळका पाइप मला त्याच दिवशी जोडून हवा होता. तापलेल्या रबराच्या वासात मी म्हणालो, "बिल्ला खूंटी पे टांग दे, यार." तो हसला, "साहब, खूंटी बीमार पड़ गई तो?" आणि आत गेला. बिल्ल्यावर काहीच उमटलं नाही. त्याच्या अंगात किती गेलं, ते आता कुणालाच कळणार नाही. परवा त्याच्या दारात उभा राहून एवढंच म्हणालो, "भाई, वो बिल्ला मैंने उतरवाया था. माफ कर दो."