भागरतामामींची शेकोटी

भागरतामामी शेकोटीजवळ बसत, पण स्वतः शेकत मात्र कधी नसत. थंडीच्या दिवसांत तांबडे फुटण्याच्या सुमारास त्या अंगणात तुराट्या पेटवीत, मोहाच्या टोळीचे, म्हणजे बियांचे, तेल तळव्यांना लावीत, ते तळवे जाळावर धरीत आणि पोळतील इतके तापले की समोर बसलेल्या मुलाच्या पोटऱ्यांवर दाबीत. वसंता हा त्यांचा एकुलता एक मुलगा. पंचविशीतला, अंगापिंडाने मजबूत. आग त्याच्यासाठी होती. मामींचे हात म्हणजे ती ऊब पोचवण्याची वाट.

सत्तरच्या दशकात भंडारा जिल्ह्यात लाखांदूरपासून आत असलेल्या त्यांच्या गावी मी शिक्षक म्हणून गेलो आणि त्यांच्या पडवीत भाड्याने राहिलो. मामींचे यजमान पूर्वीच वारले होते. मला चारचौघांत बोलणे जमत नसे. मामींनी ते पहिल्याच सकाळी ओळखले. "बसा गुरुजी. बोलत नाई त नोका बोलू. आगीजवळ बसलेल्या मानसाले बोला लागत नाई." इतक्या सहजतेने मला कुणी माझ्या अबोलपणासकट स्वीकारले नव्हते.

त्याच हिवाळ्यात, धानाची चुरणी, म्हणजे मळणी, चालू असताना, वसंताचे पाय जड झाले होते. चालताना टाचा टेकत नसत. पायांत थंडी बसली, असे मामींचे निदान होते आणि ती जाईल, हा विश्वास. "थंडी माहेरवाशीन हाये, गुरुजी. दिवाळीच्या मंडईले येते, शिमग्याले जाते. कायमची कोनी राहाते का?" शिमगा आला, गेला. पाय तसेच राहिले.

मामी त्याला शक्तीचे म्हणून लाखोरीच, म्हणजे लाख डाळच, खाऊ घालीत. धान कापण्याआधी ओलसर बांधीत, त्या धानाच्या खाचरातच, बी फेकले की ही डाळ फारशी निगा न मागता येते. हिवाळ्यात बायका तिचे कोवळे शेंडे खुडीत. चटईवर वाळवलेली ती भाजी, सुकसा, वर्षभर पुरत असे. मामींकडे वरण लाखोरीचे, भाकर लाखोरीच्या पिठाची. "लाखोरी गरम असते. नसा मोकळ्या करते," असे म्हणत त्या आणखी एक भाकर त्याच्या ताटात टाकीत.

दुसऱ्या वर्षी मंडई आली. आमच्याकडे दिवाळीनंतर गावोगाव मंडई भरते, घरोघर पाहुणे येतात आणि सोयरिकी बहुधा तेव्हाच जुळतात. शहापूरकडचे एक गृहस्थ मुलीसाठी वसंताला पाहायला येणार होते. मामींनी सकाळपासूनच त्याला शेकोटीजवळ बाजेवर बसवले, पायांवर धुस्सा टाकला आणि बजावले, "काही झालं तरी उठू नोको." पाहुणे आले, लाखोरीच्या वड्यांवर खूष झाले, पिकापाण्याचे बोलणे झाले. वसंता बसल्या जागेवरूनच हसतमुखाने उत्तरे देत होता.

"पोरगा काही उठून नाई राहिला, बाई," पाहुणे शेवटी म्हणाले. "आमी जावई पाहाले आलो का देव?"

"देवच समजा नं," मामी हसल्या. "अंगारा घेऊन जा!"

सगळे हसले. पाहुणेही हसले, आणि उठून उभे राहिले. "चाल बापू, तुह्या बांध्या तं दाखव."

वसंताने आईकडे पाहिले आणि धुस्सा बाजूला केला. चवड्यांवर, गुडघे एकमेकांना घासत, एक पाय दुसऱ्यात अडकवीत तो अंगणाच्या मध्यापर्यंत गेला आणि तेथल्या खांबाला धरून उभा राहिला. पाहुण्यांनी हातातला वडा संपवला. "पाय हायेत तं शेती हाये, बाई," ते हलकेच म्हणाले आणि निघाले. मामी रडल्या नाहीत. "ये, बस," त्या वसंताला म्हणाल्या, "जाळ विझून राहिला."

त्यानंतर आम्ही त्याला भंडाऱ्याला नेले. डॉक्टरांनी पायांना हात लावण्याआधी जेवणात काय असते, ते विचारले. मग म्हणाले, "लाखोरी बंद करा. आहे ते कदाचित वाढणार नाही. पण गेलेले पाय परत येणार नाहीत."

परतताना एस.टी. कारध्याच्या पुलावर आली. मामी खिडकीतून नदीकडे पाहत म्हणाल्या, "म्हंजे म्या जेवू घातलं, तेच त्याच्या पायात गेलं?"

"सगळेच खातात, मामी," मी कसेबसे म्हणालो.

"साऱ्यायच्या घरी दुसरंही काही असते, गुरुजी."

त्या दिवसापासून घरातला भात वसंताच्या ताटात जाऊ लागला आणि लाखोरी मामींच्या. मी एकदा भीतभीत हटकले, तर म्हणाल्या, "माह्या पायायले कोन पाहाले येते?"

तेल चोळणे मात्र थांबले नाही. वर्षे गेली, वसंताच्या हातात आधी एक, मग दोन काठ्या आल्या. हिवाळा लागला की पहाटे तीच शेकोटी, तेच तापलेले तळवे. डॉक्टरांच्या शब्दांची मी त्यांना एकदाच आठवण करून दिली.

"डाक्तर खरंच सांगते," मामी पोटरी दाबीतच म्हणाल्या. "पन सकाळी उठून मंग मी करू काय?"

ऐंशीच्या दशकातल्या एका पौषात मामी तापाने गेल्या. संध्याकाळी प्राण गेला, म्हणून भल्या पहाटे तळ्याच्या पाळीवरच्या स्मशानात त्यांना नेले. फेरे घेताना मडके चुलतभावाने धरले; वसंता काठ्यांवर त्याच्या मागून फिरला. चिता पेटली तशी माणसे मागे सरली. पाळीवर दहिवर पडले होते, बोलताना तोंडातून वाफ निघत होती. वसंता पुढेच खाली बसला. काठ्या शेजारी ठेवून त्याने धोतर गुडघ्यांपर्यंत सारले आणि दोन्ही पाय जाळाकडे पसरले.

"मांगं सरक, बापा, पोळशीन," कुणीतरी म्हणाले.

तो सरकला नाही. त्याची ती रोजची वेळ होती.