साथ ऐकणारे दादा

कोलशेतच्या कारखान्यात मी नकाशे काढायचो, तेव्हाची गोष्ट. आमचे इंग्रज साहेब कायमचे मायदेशी निघाले होते. त्यांच्याकडे एकाच पियानो कॉन्चेर्तोच्या, म्हणजे वाद्यवृंदाच्या साथीनं वाजवायच्या पियानोच्या रचनेच्या, तबकड्यांचे दोन संच होते, वादक वेगवेगळे. तिकडच्या मासिकांनी दोन्हींची शिफारस केली होती. सामानात जागा एकाच संचाला होती आणि मडमेशी त्यांचं एकमत होईना.

"तुझे वडील नाटकमंडळीत ऑर्गन वाजवायचे ना? ते चांगला म्हणतील तो आम्ही नेतो, दुसरा तुम्हाला," ते म्हणाले.

मंडळी बंद पडल्यापासून दादा, म्हणजे माझे वडील, कोपरीच्या घरात बसून असत. पेटीलाही हात लावत नसत. रविवारी दुपारी मी चावीच्या ग्रामोफोनवर दोन्ही संच लावले. पहिल्यातला वादक नुसता विजेसारखा. मी म्हटलं, "हाच!"

"दुसरा लाव परत," दादा म्हणाले.

दुसऱ्यातला पियानो मला संथ वाटला, पण दादांचं लक्ष पियानोकडे नव्हतंच.

"मागची माणसं ऐक रे. तो श्वास घेतो तिथे हे थांबतात. पहिल्यात सगळे आपापलं वाजवून मोकळे. इतकी वर्षं साथ केली मी, पण गाणाऱ्याला असं सांभाळणं मलाही नेहमी जमलं नाही."

संध्याकाळपर्यंत त्यांनी तो संच तीनदा ऐकला. मग स्वतःच तबकड्या पुसून पाकिटात घातल्या. "साहेबांना सांग, हा न्या."

वाटेत सायकलवर मी ठरवून टाकलं, हा संच दादांकडेच राहायला हवा. साहेबांना सांगितलं, "वडिलांना पहिला आवडला."

साहेब हसले. "माझंही तेच मत. बायको मात्र रुसणार."

म्हणजे मडमेला दादांनी निवडलेलाच संच हवा होता. तेव्हाही खरं बोलता आलं असतं. नाही बोललो.

दुसरा संच घरी परत आलेला पाहून दादा गोंधळले. "अरे, मी हा न्यायला सांगितलेलं ना?"

"त्यांनीच तुमच्यासाठी ठेवला."

दादांनी संच हातात घेतला. मग म्हणाले, "चांगलं ते दुसऱ्याला देऊन गेला साहेब. कागद घे, आभाराचं पत्र लिहू. मडमेलाही नमस्कार कळव."

ते सांगत गेले आणि मी खाली मान घालून इंग्रजीत लिहीत गेलो.