लहान जॅकचा माणूस

एकाहत्तरच्या लढाईच्या दिवसांत विसरवाडीच्या चढावर माझा लाकडांचा ट्रेलर खचला आणि ड्रायव्हरचा पाय आसाखाली अडकला. मी ऐटीत मोठा ऑईल जॅक काढला. एका वाटसरूने आसाखाली वीत घालून पाहिली आणि लहान जॅक उचलला, कारण मोठा आत शिरतच नव्हता. लहानाचा दांडा हरवलेला. त्याने माझी सासुरवाडीहून मिळालेली शिसवी काठी ओढून घेतली आणि दांड्याच्या जागी खोचली. मी कळवळलो.

"काठी नवी भेटी, दादा. पाय भेटी का?" पाय नवा मिळेल का, असं तो अहिराणीत विचारत होता.

मग ड्रायव्हरला म्हणाला, "तू दम सोड, मंग मी दाबसू."

प्रत्येक सुस्काऱ्याला ट्रेलर केसभर उठत गेला आणि शेवटी पाय सुटला. वाटसरूने ड्रायव्हरला त्या पायाची पाचही बोटं हलवायला लावली. पाचवं हललं, तसा वाटसरूच मटकन रस्त्यावर बसला.